वाड्यातून चावडीत, चावडीतून सर्व्हरवर

ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांनी काम बंद केलं की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. दाखले अडतात, घरपट्टीच्या नोंदी तुंबतात. मग एक बाजू म्हणते, या पोरांना तुटपुंज्या मानधनावर किती वर्षं राबवणार, कायम करून टाका. दुसरी म्हणते, परिचालक हवेतच कशाला? सगळं मोबाइलवर द्या, लोक आपापले दाखले काढतील. तिसरा कुणीतरी, बहुधा निवृत्त ग्रामसेवक, सांगतो की वहीचा काळच बरा होता, वहीला रेंज लागत नव्हती. तिघेही मनापासून बोलतात आणि तिघांच्याही बोलण्यातून एक प्रश्न सुटतो: हे दप्तर, म्हणजे गावाच्या कारभाराच्या या सगळ्या नोंदी, आहे कुणाचं? माझं म्हणणं असं की गेल्या पंधरा वर्षांत ग्रामपंचायतींचं जे संगणकीकरण झालं, ते जिल्ह्याला, मंत्रालयाला आणि दिल्लीला गाव दिसावं म्हणून झालं. गावाला स्वतःचं गाव दिसावं, ही गरज त्या आराखड्यात कुणी मांडलीच नाही. जोवर ती मांडली जात नाही, तोवर परिचालक कायम झाले काय आणि सगळं मोबाइलवर आलं काय, ग्रामपंचायत ही वरच्या कार्यालयांना आकडे पुरवणारी खिडकीच राहणार.

२०११ साली ‘संग्राम’ आलं, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. ते २०१५च्या अखेरीला संपलं आणि २०१६पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावानं नवी व्यवस्था उभी राहिली. केंद्र चालवण्यासाठी ग्रामपंचायतीनं दरमहा १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला दीड लाखाच्या आसपास मोजायचे, आणि त्यातले परिचालकाच्या हाती पडायचे साधारण निम्मे. पैसा गावाचा, करार वर ठरलेला. अनेक लहान ग्रामपंचायतींची वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीही या रकमेच्या फार पुढे जात नाही. तरी किती ग्रामसभांमध्ये या दीड लाखाच्या बदल्यात नेमकं काय मिळालं याची चर्चा झाली असेल? आणि व्यवस्था बदलली तेव्हा आधीच्या चार-पाच वर्षांत टंकलेल्या नोंदींचं काय झालं? आपापल्या ग्रामपंचायतीत हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर ते दप्तर ग्रामपंचायतीचं कधी नव्हतंच, असं समजायला हरकत नाही.

त्यात पोर्टलांची गर्दी. विकास आराखडा आणि हिशेब ‘ई-ग्रामस्वराज’वर, पैसे काढायचे ‘पीएफएमएस’ या केंद्राच्या निधी-व्यवहार प्रणालीतून, रोजगार हमीची हजेरी वेगळ्या ठिकाणी, घरकुलाचा लाभार्थी वेगळ्या, नळजोडणी वेगळ्या, शौचालय वेगळ्या, जन्म-मृत्यू आणखी वेगळ्या. एकाच घरातला एकच माणूस या सगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा भरला जातो, दर ठिकाणी नावाचं इंग्रजी स्पेलिंग निराळं. प्रत्येक पोर्टल एका योजनेच्या वरच्या टोकाला बसलेल्या अधिकाऱ्याच्या सोयीनं बांधलेलं. त्याला राज्यवार, जिल्हावार, तालुकावार तक्ता हवा असतो आणि तो चुटकीसरशी मिळतो. आता गावाच्या बाजूनं एक साधा प्रश्न टाका. ग्रामसभेत कुणी विचारलं की वाडीनिहाय पाणीपट्टीची थकबाकी किती, किंवा खालच्या आळीतली पाइपलाइन पाच वर्षांत किती वेळा फुटली आणि दर दुरुस्तीला किती खर्च आला? याचं उत्तर कुठल्याच पोर्टलवर नाही. ते आहे नमुना ९च्या, म्हणजे कराच्या मागणीच्या वहीत, रोकडवहीत आणि पाणी सोडणाऱ्या शिपायाच्या डोक्यात. पंधरा वर्षांच्या संगणकीकरणानंतर गावाच्या कामाचं ज्ञान जिथं होतं तिथंच आहे. बदललं ते एवढंच की त्या वहीशेजारी आता आणखी सात-आठ ठिकाणी टंकायचं काम वाढलं.

दप्तर कुणाचं हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. गावाचं दप्तर शतकानुशतकं कुलकर्ण्याच्या घरी असे. ते वतन होतं, वंशपरंपरेचं. जमीन कुणाची, सारा किती, कुणी भरला, कुणाचा राहिला, हे सगळं मोडीत लिहिलेलं आणि एकाच वाड्यात बांधून ठेवलेलं. ज्याच्या जमिनीबद्दल ते लिहिलं होतं त्याला ते वाचता येत नव्हतं, आणि वाचता आलं असतं तरी बस्ता उघडून दाखवायचा की नाही हे कुलकर्णी ठरवणार. महात्मा फुल्यांनी कुलकर्ण्यावर इतका सडकून हल्ला चढवला तो केवळ तो ब्राह्मण होता म्हणून नव्हे. निरक्षर शेतकऱ्याचं सगळं भवितव्य त्याच्या लेखणीच्या एका फराट्यात होतं म्हणून. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द केलं आणि पगारी तलाठी नेमले. वतनदारांनी कडाडून विरोध केला. ब्रिटिश मुलखात ही वतनं बराच काळ टिकली आणि स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या कायद्यानं, मुंबई राज्यात गेली.

या सुधारणेचं मोल कमी करायचं नाही. वंशाच्या हातून लेखणी काढून नोकराच्या हाती देणं ही मोठी गोष्ट होती. पण एक बारकावा आपण सहसा पाहत नाही. दप्तर वाड्यातून निघालं ते सरकारच्या चावडीत गेलं. तलाठी तहसीलदाराला जबाबदार झाला, गावाला नाही. पुढे १९५८चा ग्रामपंचायत कायदा आला, ग्रामसेवक आला, तोही गटविकास अधिकाऱ्याला जबाबदार. गेल्या वर्षा-दोन वर्षांत दोघांची पदनामं बदलून झाली, एक ग्राम महसूल अधिकारी आणि दुसरा ग्रामपंचायत अधिकारी. जबाबदारीची दिशा काही बदलली नाही. म्हणजे दप्तर गावाचं व्हायची संधी दोनदा हुकली. संगणक ही तिसरी संधी होती, आणि खरं तर सगळ्यात सोपी. कागदाच्या वहीची एकच प्रत असते, ती एकाच कपाटात राहते. संगणकातल्या नोंदीच्या हव्या तितक्या प्रती निघतात: एक गावात, एक तालुक्याला, एक मंत्रालयात. असं असूनही आपण अशी व्यवस्था बांधली की मूळ प्रत दूरच्या सर्व्हरवर आणि गावाला मिळतो पासवर्ड. तोही बहुधा परिचालकाच्या डायरीत लिहिलेला.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण त्यात दम आहे. पहिलं म्हणजे केंद्रीय व्यवस्थेमुळे सामान्य माणसाचा फायदा झालाच. सातबारा हा महसुलाचा कागद, ग्रामपंचायतीचा नव्हे, पण उदाहरण लागू पडतं. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि पंधरा रुपयांत घरबसल्या उतारा निघायला लागला. तलाठ्याच्या मागे हेलपाटे घातलेल्या पिढीला त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. तसंच ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून कुणाला किती पैसे दिले हे कुणालाही पाहता येतं. पुण्यात किंवा मुंबईत नोकरी करणारा गावचा मुलगा तिथून बसून विचारू शकतो की गटाराचं बिल निघालं, गटार कुठाय? वहीच्या काळात हे शक्य नव्हतं. निवृत्त ग्रामसेवकांच्या वहीप्रेमात मला सामील होता येत नाही ते यामुळेच. वही बंद पडत नसे हे खरं, पण ती हरवत असे, भिजत असे, आणि लेखापरीक्षणाच्या आदल्या आठवड्यात नव्यानं लिहिली जात असे.

पण ही उदाहरणं काय सिद्ध करतात तेही पाहा. नोंद माणसापर्यंत पोचली म्हणून फायदा झाला. सर्व्हर मुंबईत होता म्हणून झाला नाही. सातबारा लोकांना हवा होता, तो लोकांच्या हातात आला. माझी तक्रार अशी आहे की ग्रामपंचायतीच्या दप्तराबाबतीत हाच प्रवास उलटा झाला. गावाला हवी ती नोंद गावाच्या हाती न येता, वरच्यांना हवी ती नोंद वर गेली.

दुसरा युक्तिवाद गैरव्यवहाराचा. वरून नजर असली की खाली खाता येत नाही, असं म्हणतात. ऐकायला बिनतोड वाटतं. याची सगळ्यात मोठी परीक्षा रोजगार हमीत झाली. १ जानेवारी २०२३पासून देशभरातल्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोन वेळा फोटो काढून घेणं सक्तीचं केलं गेलं. रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढणारा रोजगार सेवक आणि फोटो चढला नाही म्हणून पडलेला खाडा, हे लगेच दिसलं. बोगस हजेरी मात्र थांबली नाही. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, असे प्रकार २०२५मध्ये खुद्द केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला आपल्या पत्रात नोंदवावे लागले आणि फोटो तपासायला माणसं बसवायचा आदेश काढावा लागला. हजार किलोमीटरवरून फोटोत दिसणारा माणूस मजूर आहे की सरपंचाचा भाऊ, हे ओळखणार कोण? ते ओळखू शकते ती त्याच गावातली बाई, जी त्या कामावर खरंच गेली होती. तिच्यासमोर ती हजेरी वाचून दाखवली तर. वरची नजर लागतेच, पण शेजाऱ्याची नजर काढून घेऊन तिच्या जागी ती बसवली की खोटं बोलणाऱ्याचं काम सोपं होतं.

तिसरा युक्तिवाद मला सगळ्यात अवघड वाटतो. महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीनं आपापलं सॉफ्टवेअर घ्यायचं, सर्व्हर सांभाळायचा, सुरक्षा पाहायची? मोठमोठ्यांना जमत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेचंच पाहा. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्थानिक संस्थांमध्ये ती मोजली जाते. तिनं जुनी हिशेबप्रणाली बदलून नवी आणली, ती एप्रिल २०२२मध्ये सुरू झाली आणि परिषदेला आपले हिशेबच जुळवता येईनात. सुमारे एक कोटी नव्वद लाख पौंडांचा मूळ अंदाज पुढे दहा कोटींच्या पलीकडे गेला. सप्टेंबर २०२३मध्ये परिषदेला आर्थिक दिवाळखोरीसारखी सूचना काढावी लागली. त्यामागे समान वेतनाच्या दाव्यांचं मोठं ओझं होतं हे खरं, पण या प्रणालीनं त्यात भर घातली. बर्मिंगहॅमची ही गत, तर भोर-वेल्ह्यातल्या सातशे वस्तीच्या ग्रामपंचायतीकडून काय अपेक्षा करायची?

याला माझं उत्तर असं की सॉफ्टवेअर एकच असायला माझी हरकत नाही. एकच असावं. मालकी आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेतला पैसा बँक सांभाळते म्हणून तो बँकेचा होत नाही. मागितला की द्यावा लागतो. ग्रामपंचायतीनं आपली सगळी नोंद, नमुना १ ते ३३, कधीही, पूर्ण, वाचता येईल अशा रूपात मागावी आणि ती मिळावी. करार कुणाशीही असो, तो संपला की नोंद ग्रामपंचायतीकडे राहावी. एवढं एक कलम करारात असतं तर निम्मा प्रश्न सुटला असता. बर्मिंगहॅमच्या गोष्टीतूनही मी तेच घेतो: कामाची पद्धत न समजता यंत्र वरून आणून बसवलं, तर पैसा आणि हुशार माणसं हाताशी असूनही ते बुडवतं.

केरळचं उदाहरण इथं जवळचं. तिथं १९९६मध्ये लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली, राज्याच्या योजना निधीचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांच्या हाती गेला, आणि त्यानंतर, १९९९मध्ये, ‘इन्फर्मेशन केरळ मिशन’ स्थापन झालं. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी ‘सेवना’, करांसाठी ‘संचया’, हिशेबासाठी ‘सांख्या’, आराखड्यासाठी ‘सुलेखा’. सॉफ्टवेअर राज्यानं बांधलं, पण पंचायतीच्या रोजच्या कामाभोवती बांधलं. तिथंही कुरबुरी झाल्या, नंतर प्रणाली बदलल्या, २०२४पासून ‘के-स्मार्ट’ आलं. आणि तुलना सरळ होत नाही हेही मान्य: केरळची एक ग्रामपंचायत म्हणजे आपल्याकडच्या डझनभर ग्रामपंचायती. पण क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अधिकार आणि पैसा खाली गेला, मग तो वापरायला यंत्र लागलं. आपण अधिकार होते तिथंच ठेवून यंत्र खाली पाठवलं, आणि मग ते यंत्र अर्थातच वरच्यांची चाकरी करू लागलं.

महाराष्ट्रातही कागद हातात आल्यानं काय होतं हे दिसलेलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो बाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागतो, आणि पास देणार वन विभाग. म्हणजे हक्क गावाकडे आणि पासाचं पुस्तक दुसऱ्याकडे. शेवटी एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. दोन वर्षं कायद्यात असलेला हक्क त्या दिवशी खरा झाला. हिवरे बाजारमध्ये पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावर यंदा कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. त्याला आधी लागला तो पर्जन्यमापक, दोरी, फळा आणि तो आकडा आपला आहे ही खात्री. अशा गावाला उद्या चांगलं सॉफ्टवेअर दिलं तर ते त्याचं सोनं करील. नुसतं पोर्टल दिलं तर आणखी एक माहिती भरायचं काम वाढेल.

यावर जो सगळ्यात टोकदार आक्षेप येतो तो तांत्रिक नाहीच. ‘गावाचं दप्तर गावाच्या हाती’ म्हणता, पण गाव म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी गावाचं जे वर्णन केलं, स्थानिक संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञान, क्षुद्र वृत्ती, जातीयता यांचं आगर, ते विसरून ग्रामस्वराज्याचे गोडवे गाता येत नाहीत. दलित वस्तीतल्या माणसाला घरकुलाच्या यादीसाठी पाटलाच्या ओसरीवर जाण्यापेक्षा दूरचा, आंधळा सर्व्हर परवडतो. सर्व्हर जात विचारत नाही. आणि अर्ध्या जागांवर बायका सरपंच आहेत म्हणावं, तर त्यांचा डिजिटल सहीचा डोंगल कुणाच्या खिशात असतो? पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागते हा नियम चांगला, पण अनेक ठिकाणी दोन्ही डोंगल एकाच टेबलाच्या खणात सापडतील.

हा आक्षेप मी पूर्ण मानतो, आणि म्हणूनच म्हणतो की कुलकर्ण्याकडे पुन्हा एकदा नीट पाहा. त्याची ताकद दोन गोष्टींत होती: प्रत एकच होती, आणि ती वाचता येत नव्हती. दप्तर सरपंचाच्या घरी गेलं तर नवा वतनदार तयार होईल, यात शंका नाही. पण दप्तर फक्त वर राहिलं तरी तीच दोन लक्षणं टिकतात. प्रत एकच, आणि ती वाचायला पासवर्ड, इंग्रजी मथळ्यांचे तक्ते आणि संकेतांक कळणारा माणूस हवा. दलित वस्तीतल्या त्या माणसाला घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही, हे आंधळा सर्व्हर सांगत नाही. तो शेवटी ‘वरूनच आलं नाही’ हे वाक्य ऐकायला त्याच ओसरीवर जातो. वरची प्रत राहू द्या. ती गावातल्या दांडगाईवरचा अंकुश आहे. खालची प्रतही असू द्या, मराठीत, छापून, कार्यालयाच्या भिंतीवर आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचून. यादी बदलली तर कधी बदलली आणि कुणाच्या खात्यातून बदलली, हे दोन्ही प्रतींत दिसावं. वरच्या प्रतीला आणि खालच्या प्रतीला एकमेकींवर लक्ष ठेवता आलं, तर पाटील आणि पोर्टल दोघांनाही लपायला जागा उरत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४नं स्वतःहून माहिती जाहीर करण्याचं बंधन २००५मध्येच घातलं आहे. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते कलम अमलात आणायचं म्हणजे वेगळं काही करायचं नाही, एवढंच करायचं.

परिचालकाचा प्रश्नही मग वेगळा दिसू लागतो. तो कुठल्या कंपनीच्या खात्यावर आहे यानुसार तो कुणाचं काम करणार हे ठरतं. आज त्याचा दिवस वरून आलेल्या ‘आज संध्याकाळपर्यंत’ या संदेशांमागे जातो. तो ग्रामपंचायतीचा कर्मचारी झाला, त्याचा पगार आणि कामाची यादी ग्रामपंचायतीनं ठरवली, तर पाणीपट्टीच्या थकबाकीचा वाडीनिहाय तक्ता त्याच्या कामात येतो. त्याला कायम करा ही मागणी रास्त आहे; तिच्यामागचं खरं कारण दयेचं नाही, दप्तराचं आहे. आंदोलनाच्या व्यासपीठावरून ते क्वचितच मांडलं जातं, आणि मांडलं असतं तर गावकरी कदाचित त्या मांडवात येऊन बसले असते.

सोळाव्या वित्त आयोगाचा काळ एप्रिल २०२६ ते मार्च २०३१ असा आहे. ग्रामपंचायतींच्या निधीतून सेवा केंद्राचा खर्च कसा भागवायचा, पुरवठादार कोण, परिचालकाचा मालक कोण, हे याच काळासाठी नव्यानं ठरेल आणि मग पाच वर्षं हलणार नाही. ग्रामपंचायतींच्या वतीनं त्या करारात नोंदींच्या मालकीचं, पूर्ण प्रतीचं आणि करार संपल्यावर ती सुपूर्द करण्याचं कलम मागायचं असेल, तर ते मागणारा ठराव ग्रामसभांनी आत्ताच करायला हवा. ग्रामपंचायत अधिनियमाखाली वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. विषयपत्रिकेवर ‘आयत्या वेळचे विषय’ असं एक कलम असतंच.